कोपर वर जातंय, हे कोण सांगणार?

अतुल गावंडे हे बोस्टनचे नामांकित शल्यचिकित्सक आणि लेखक. वडील महाराष्ट्रातल्या उटी गावचे, त्यामुळे आपल्याकडे त्यांच्याबद्दल थोडी घरचीच आपुलकी. २०११ साली त्यांनी ‘न्यू यॉर्कर’मध्ये एक लेख लिहिला. तेव्हा वय पंचेचाळीस, स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करायला लागून आठ वर्षं झालेली. सुरुवातीच्या काळात वर्षागणिक त्यांचं काम सुधारत गेलं, देशाच्या सरासरीलाही त्यांनी मागे टाकलं, आणि मग आलेख सपाट झाला. वाईट काही घडत नव्हतं, पण पुढेही काही सरकत नव्हतं. तेव्हा त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्या रॉबर्ट ऑस्टीन या निवृत्त सर्जनांना त्यांनी शस्त्रक्रियागृहात बोलावलं आणि बाजूला उभं राहून फक्त बघायला सांगितलं.

थायरॉइडची शस्त्रक्रिया होती आणि ती उत्तम झाली, असं गावंड्यांना वाटत होतं. ऑस्टीन यांच्या छोट्या वहीत मात्र बरंच काही टिपलेलं होतं. रुग्णावर कापड अंथरलं होतं ते गावंड्यांच्या सोयीचं, समोर उभ्या असलेल्या साहाय्यकाला त्याची अडचण होत होती. काम करताना गावंड्यांचं उजवं कोपर खांद्यापर्यंत वर जात होतं, आणि कोपर हवेत असताना हात अचूक चालत नाही. तिसरी नोंद सगळ्यांत बोलकी होती. वरचा दिवा जखमेवरून सरकला होता आणि सुमारे अर्धा तास डॉक्टर इकडून तिकडून परावर्तित होऊन येणाऱ्या उजेडात काम करत होते. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

कोपर वर जाणं ही सवय होती. चांगली मुरलेली, शेकडो शस्त्रक्रियांमधून घोटून पक्की झालेली. ती आळसातून आली नव्हती की अज्ञानातूनही. निकाल चांगले येत होते, म्हणून तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. सवयींबद्दल आज जे भरभरून लिहिलं-बोललं जातं, त्यात नेमकी हीच बाजू गळलेली असते. सवय माणसाला सातत्य देते हे खरं, पण ती भल्याला देते तेवढंच चुकीलाही देते. आणि ज्याची सवय, त्याला ती दिसत नाही, कारण न दिसणं हेच तर सवयीचं काम.

जेम्स क्लिअर यांचं ‘अॅटॉमिक हॅबिट्स’ २०१८ साली आलं आणि आता ते स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेपासून विमानतळावरच्या दुकानापर्यंत सगळीकडे सापडतं. त्यातला एक हिशेब लोकांना तोंडपाठ झाला आहे: रोज एक टक्का सुधारणा करा, वर्षाअखेरीस सदतीसपट व्हाल. गणित बरोबर आहे. १.०१ चा ३६५ वा घात ३७.७८ येतो. पण हा हिशेब मुदत ठेवीचा आहे. बँकेत टाकलेला पैसा वाटेत दिशा चुकत नाही, माणूस चुकतो. रोज एक टक्का कशात सुधारायचं हेच जर पहिल्या दिवशी चुकीचं ठरलं असेल, तर व्याज त्यावरही चढतंच. समोरच्याचं बोलणं तोडायची सवय असलेला अधिकारी दर वर्षी ते अधिक सफाईने तोडायला शिकतो, आणि आपण निर्णय झटपट घेतो असं समजून चालतो.

सवय एकवीस दिवसांत लागते, हे दुसरं लाडकं वाक्य. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपला बदललेला चेहरा अंगवळणी पडायला किमान तितके दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातलं ‘किमान’ वाटेत गळालं आणि चेहराही गळाला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष अभ्यास केला. एखादी कृती आपोआप व्हायला लागण्याचा काळ सरासरी ६६ दिवस निघाला, पण एकाला १८ दिवस पुरले आणि दुसऱ्याला अंदाजे २५४ लागले असते. जेवणासोबत पाणी पिणं लवकर अंगी लागलं, व्यायामाला वेळ लागला. मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही, हाही त्यातला निष्कर्ष होता. एक दिवस मोडला म्हणून संकल्पच सोडून देणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो लक्षात ठेवायला हरकत नाही.

म्हणजे छोट्या सवयी लागतात, टिकतात, उपयोगीही असतात. माझा वाद त्याबद्दल नाही. माझं म्हणणं एवढंच की माणूस घडण्याची गोष्ट तिथे संपत नाही. नेतृत्व घडण्याची तर नाहीच. त्यासाठी आपल्या सवयीकडे बाहेरून बघणारं कोणी लागतं, आणि त्याने दाखवलेलं बदलायला हाताशी साधन आणि अधिकार लागतो. सवय, बघणारं माणूस आणि साधन-अधिकार या तिन्हींपैकी बाजारात जोरात विकली जाते ती पहिली गोष्ट, कारण ती एकट्याने करता येते आणि तिच्यासाठी दुसऱ्या कोणाला काही सोडावं लागत नाही.

मराठीत या विषयावरचं सगळ्यांत प्रामाणिक पुस्तक मला विचाराल तर ते स्वयंविकासाच्या कपाटात नाही. ते म्हणजे रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’. ते १९१० साली आलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांची त्याला प्रस्तावना आहे. १८७३ च्या डिसेंबरात एकतीस वर्षांच्या महादेव गोविंद रानड्यांचं दुसरं लग्न झालं. विधवाविवाहाचा हा पुरस्कर्ता वडिलांच्या आग्रहापुढे नमला आणि अकरा वर्षांच्या मुलीशी विवाहबद्ध झाला. मुलीला अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी शिकवायला सुरुवात केली ती पाटी-पेन्सिलीपासून. मग मराठी वाचन, मग वर्तमानपत्र, मग इंग्रजी. दिवसभर कचेरी आणि सार्वजनिक कामं, रात्री बायकोचा धडा. घरातल्या सासूबाई, नणंद आणि इतर वडीलधाऱ्या बायकांना हे खपत नव्हतं. त्यांची बोलणी रमाबाईंनी ऐकून घ्यायची, उलट उत्तर द्यायचं नाही आणि धडा मात्र चुकवायचा नाही, असा रानड्यांचा शिरस्ता.

वरवर पाहिलं तर ही रोजच्या एका पानाची गोष्ट. नीट पाहिलं तर त्या पानामागे एक क्रम दिसतो. आधी स्वतःपुरतं वाचायचं, मग नवऱ्याला वाचून दाखवायचं, मग चार बायकांत बसून बोलायचं. मग एक दिवस पुण्यात हिराबागेत गव्हर्नरांसमोर उभं राहून मुलींच्या हायस्कुलाची मागणी करणारं इंग्रजी निवेदन वाचायचं. त्या दिवशी वाचलेले शब्द रानड्यांनी तयार करून दिलेले होते, आवाज तेवढा रमाबाईंचा. घरी परतल्यावर काय ऐकावं लागलं तेही त्यांनी लिहून ठेवलं आहे. हायस्कूल १८८४ साली सुरू झालं. आज आपण त्याला हुजूरपागा म्हणतो. रोजचं पान रमाबाईंनी वाचलं, पण उद्याचं पान कोणतं हे ठरवणारं माणूस शेजारी होतं. एकटीने पाटी गिरवून त्या कदाचित साक्षर झाल्या असत्या. हिराबागेत पोचल्या नसत्या.

या गोष्टीचा खरा कस लागतो तो १६ जानेवारी १९०१ नंतर. रानडे गेले. मार्गदर्शक चांगला होता की नाही, हे तो असताना कळत नाही, तो गेल्यावर कळतं. रमाबाई १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी होत्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं. परिचारिका होणं हे तेव्हा घरंदाज बाईला शोभणारं काम मानलं जात नव्हतं, त्या काळात सेवासदनने विधवा आणि गरजू बायकांना त्या शिक्षणाकडे नेलं. पुण्यात मुलींचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं व्हावं म्हणून झालेल्या चळवळीत त्या पुढे होत्या. तेव्हा मसुदा लिहून देणारं शेजारी कोणी नव्हतं.

ही कथा इथे थांबवली तर ती गोड होईल. पण त्याच पुस्तकात रानड्यांच्या अबोल्याची आठवण आहे. रमाबाईंचं एक वागणं पसंत पडलं नाही म्हणून त्यांनी रागावून एक शब्द काढला नाही, नुसतं बोलणं टाकलं. आणि त्या कोवळ्या बायकोची रात्र कशी गेली ते वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होतं. इथे शिकवणारा हाच नवरा, हाच कर्ता, हाच वयाने वीस वर्षांनी मोठा. शिकणारीला नको म्हणायची सोय नव्हती. पुस्तकभर ती ‘स्वतः’कडे, म्हणजे नवऱ्याकडे, आदराने मान वर करून बघते. तिला आणखी काय हवं होतं, ते आपल्याला त्यातून फारसं ऐकू येत नाही. शिवाय शिस्तीने एकेक पायरी चढणारा हा माणूस स्वतःच्या लग्नाच्या वेळी पायरीवरच थांबला होता, हेही विसरता येत नाही. छोट्या पावलांची सवय मोठ्या उडीची तयारी करतेच असं नाही. कधी कधी ती न मारलेल्या उडीला सभ्य निमित्त पुरवते. आगरकरांसारखे लोक रानड्यांवर चिडायचे ते काही उगाच नाही.

तरीही मी रानड्यांना या परीक्षेत उत्तीर्ण करतो, कारण त्यांनी घडवलेलं माणूस त्यांच्याशिवाय चालू शकलं. आजच्या कोचिंगच्या धंद्यात हाच निकष सर्वांत अडचणीचा आहे. त्याचा एक पुरावा पुन्हा गावंड्यांच्याच दारातून येतो, आणि तो त्यांनी लपवलेला नाही याचं कौतुक वाटतं.

उत्तर प्रदेशातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत बाळंतपणं सुरक्षित व्हावीत म्हणून ‘बेटरबर्थ’ नावाचा एक प्रचंड प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. केंद्रं १२०, त्यांतल्या निम्म्यांत प्रयोग, निम्मी तुलनेसाठी. बाळंतपणं दीड लाखाहून जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली एक तपासयादी होती: हात धुतले का, रक्तदाब पाहिला का, ताप मोजला का, बाळ जन्मल्यावर आईला इंजेक्शन वेळेत दिलं का. सगळ्या लहान लहान, कोणालाही जमतील अशा कृती. आणि यादी नुसती भिंतीवर चिकटवून कोणी निघून गेलं नाही. प्रशिक्षित कोच केंद्रांत येत, परिचारिकेच्या शेजारी उभं राहून बघत, मग तिच्याशी बोलत. आठ महिन्यांत या भेटी हळूहळू विरळ करत नेल्या. सवय आणि मार्गदर्शन यांची याहून नेकीने केलेली जोडणी शोधून सापडणार नाही.

दोन महिन्यांनी प्रयोगातल्या केंद्रांत यादीतल्या सुमारे ७३ टक्के गोष्टी होत होत्या, इतरत्र ४२ टक्के. फरक डोळ्यांत भरण्यासारखा. कोच येणं बंद होऊन चार महिने झाल्यावर पुन्हा पाहिलं तेव्हा ७३ चे ६२ झाले होते आणि तुलनेच्या केंद्रांत ४४ होते. म्हणजे काही सवयी टिकल्या, काही कोचबरोबर निघून गेल्या. आणि ज्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या आकड्यात, म्हणजे माता-बालकांचे मृत्यू आणि आईच्या जिवावरच्या गुंतागुंतीत, दोन्ही बाजूंना काहीही फरक पडला नाही.

काहीही नाही. या वाक्यावर आपल्या सगळ्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांनी एक दिवस बसायला हवं. हात धुणारी, यादी पाळणारी, सुधारलेली परिचारिका तिथे होती. पण बाळाला श्वास घेता येत नसेल तेव्हा पुढे काय करायचं याचं कौशल्य, हाताशी चालू उपकरण, मोठ्या रुग्णालयापर्यंत नेणारी व्यवस्था, हे सगळं यादीच्या पलीकडचं होतं. मी त्या निष्कर्षाचा अर्थ असा लावतो, इतर वेगळा लावतील. व्यक्ती सुधारली, पण जिथे अडत होतं ते तिच्या हातातच नव्हतं.

याच्या शेजारी गडचिरोली ठेवून पाहावी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ सुरू केली, आणि पुढे १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका निवडल्या. त्या आरोग्यदूत. बाळाचं वजन करायचं, अंग गरम ठेवायचं, श्वास मोजायचे, ठरलेल्या दिवशी घरी जायचं, लिहून ठेवायचं. इथेही सगळ्या लहान कृती. इथेही बघणारं कोणी होतं: डॉक्टर ठरावीक दिवसांनी गावात येई, नोंदी तपासे, चुका दाखवे, शिकवे. पण आणखी एक गोष्ट होती. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली, आणि आईबापांनी दवाखान्यात जायचं नाकारलं, तर घरच्यांच्या संमतीने त्या बाईला स्वतः प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायची मुभा होती. जेमतेम दहावीपर्यंत शिकलेल्या बाईच्या हातात नुकत्याच जन्मलेल्या बाळासाठी सुई द्यायची, यावर तेव्हा किती भुवया उंचावल्या असतील याची कल्पना करावी. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या हिशेबाने, नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटला होता. आज देशभर आशा ताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात त्यांचं मूळ इथे आहे. सुईचा अधिकार मात्र पुढे सगळीकडे तितक्या सहज गेला नाही, भेटी आणि फॉर्म तेवढे गेले.

दोन्ही प्रयोगांची सरळ तुलना होत नाही हे मान्य. एक दवाखान्यातला, दुसरा घरातला. एक शेकडो मैल पसरलेला, दुसरा एका जिद्दी जोडप्याच्या नजरेखालचा. पण गडचिरोलीत त्या बाईला सवय लावली, तिच्याकडे कोणी बघत राहिलं, आणि मग तिच्या हातात खरोखरचं काहीतरी दिलं. नेतृत्व म्हणतात ते तिसऱ्या पायरीवर सुरू होतं. गावातली सून म्हणून जिला कोणी विचारत नव्हतं, तिला रात्री-अपरात्री दार वाजवून बोलावू लागले.

आता आपल्या रोजच्या जगाकडे येऊ. शाळांच्या एका समूहामागे एक केंद्रप्रमुख असतो. कल्पना सुरेख आहे: अनुभवी शिक्षकाने आसपासच्या शाळांत जावं, वर्गात मागच्या बाकावर बसावं, गुरुजींना चार गोष्टी सांगाव्यात. ऑस्टीन यांच्यासारखंच. प्रत्यक्षात काय होतं ते कोणत्याही जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला विचारा. साहेब येतात, शेरेबुक मागतात, पटसंख्या, पोषण आहाराचा साठा, ऑनलाइन माहिती भरली की नाही हे विचारतात, सही करतात आणि पुढच्या शाळेला निघतात, कारण संध्याकाळपर्यंत गटशिक्षणाधिकाऱ्यांना अहवाल पाठवायचा असतो. वर्गात गुरुजींचं कोपर कुठे जातंय हे बघायला त्यांना सवड नाही. दोष त्या माणसाचा नाही. ज्याच्याकडे शेरा लिहायची वही आहे, त्याच्यासमोर कोणी आपली चूक उघडी करत नाही. देखरेख आणि मार्गदर्शन एकाच खुर्चीत बसवलं की देखरेख जिंकते.

खासगी कंपन्यांत खुर्च्या वेगळ्या असतात, पण चेक एकच असतो. तिथे वरिष्ठ अधिकाऱ्यासाठी कोच नेमला जातो, तासाचे दर ऐकून सरकारी नोकराचे डोळे पांढरे व्हावेत. कोच हुशार असतो, प्रश्न चांगले विचारतो. पण पैसे कंपनी देते, म्हणून सहसा विचारलं जातं ते ‘तुम्ही ताण कसा हाताळाल’ हे, हा ताण कंपनीने निर्माणच का केला हे क्वचितच. आणि ज्यांना सगळ्यांत जास्त गरज असते, पहिल्यांदा चार माणसांवर साहेब झालेला तो तिशीतला सुपरवायझर, त्याच्यापर्यंत हे पोचतच नाही. त्याला दोन दिवसांचं शिबिर, एक प्रमाणपत्र आणि एक डायरी.

वरच्या माणसाची अडचण आणखी वेगळी. गावंड्यांनी लिहिलं आहे की एका रुग्णाने शस्त्रक्रियेआधी ऑस्टीन यांच्याकडे बघून विचारलं, हे कोण? गावंड्यांनी शेवटी सांगितलं, माझे कोच आहेत असं समजा. रुग्णाला त्याने काही धीर आल्यासारखं दिसलं नाही. शिकतो आहे असं म्हणणारा सर्जन कोणाला हवा असतो? आपल्याकडे तर पद मिळालं की शिकणं संपलं, असाच रिवाज. सचिव, कुलगुरू, कारखान्याचा अध्यक्ष यांच्या बैठकीत कोपऱ्यात बसून ‘साहेब, तुम्ही चाळीस मिनिटांत एकदाही कोणाला वाक्य पुरं करू दिलं नाहीत’ असं नंतर खासगीत सांगणारा कोणी असतो का? खालचे सांगणार नाहीत, वरच्यांना दिसत नाही, आणि बरोबरीचे वाट बघत असतात.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. एखाद्या जिल्ह्यात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने आपल्याच मासिक आढावा बैठकीला, आपल्याशी काही देणंघेणं नसलेला एखादा निवृत्त माणूस बोलवावा. कोणी एखादी जुनी मुख्याध्यापिका असेल तर फारच उत्तम. त्यांनी काही बोलू नये, गोपनीय अहवालात एक अक्षर लिहू नये, फक्त बघावं आणि बैठक संपल्यावर दार लावून अर्धा तास साहेबांशी बोलावं. जे सांगितलं जाईल त्यातली एकच गोष्ट साहेबांनी पुढच्या बैठकीपर्यंत बदलून बघावी. हे वर्षभर चाललं, तर मग केंद्रप्रमुखाला वर्गात मागच्या बाकावर तासभर बसायला सांगण्याचा नैतिक अधिकार त्या साहेबांना येईल, आणि त्याच्या हातातले दोन-तीन अहवाल कमी करण्याची बुद्धीही कदाचित होईल. त्या बाईंचा प्रवासभत्ता कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवायचा, एवढं मात्र आधी ठरवून घ्यावं लागेल. पहिली हरकत तिथूनच येणार आहे.